दुसरा रकाना

यादी लागली की इस्लापुरात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, ज्याचं नाव यादीत नाही म्हणून तो नाराज. दुसरा, ज्याचं नाव यादीत आहे, पण शेजाऱ्याचंही आहे म्हणून तो नाराज. नाव आहे आणि माणूस खूश आहे, असा तिसरा प्रकार अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. असलाच तर तो किनवटला बँकेच्या रांगेत उभा असेल आणि तिथं पोचेपर्यंत पहिल्या दोहोंपैकी एकात सामील झाला असेल.

पैनगंगेला पूर पावसाळ्यातच येतो, याद्या मात्र बारमाही वाहतात. अतिवृष्टीची यादी, पीकविम्याची यादी, घरकुलाची यादी, केवायसी राहिलेल्यांची यादी, केवायसी होऊनही राहिलेल्यांची यादी. आणि या सगळ्या ताडून पाहायला गावात एक माणूस असतो. इस्लापुरात तो मी. गणिताच्या निवृत्त मास्तराचे गावाला दोनच उपयोग: पंगतीला किती किलो तांदूळ लागेल ते सांगणे आणि याद्या जुळवणे. पहिल्यात निदान जेवायला तरी मिळतं.

माझी पद्धत जुनी. डाव्या हाताला पंचनाम्याची यादी, उजव्या हाताला पैसे जमा झाल्याची यादी, मध्ये लाकडी पट्टी आणि कानावर लाल पेन. आठ-अ चा खाते नंबर इकडं पाहायचा, तिकडं शोधायचा, सापडला की टिक. एकेका यादीला अख्खी दुपार जायची. पण मजेत जायची, कारण दुपारी दुसरं काही करायचं नसतं.

ही मजा दिवाळीला आलेल्या भाच्याला बघवली नाही. तो हिंजवडीत कंपनीत आहे. पट्टी बघून तो हसला आणि म्हणाला, "मामा, हे एका ओळीचं काम आहे."

कम्प्युटरवाला 'एका ओळीचं काम' म्हणाला, की डॉक्टर 'जरासं टोचेल' म्हणतो तेव्हासारखं सावध व्हावं. मी झालो नाही. त्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढलं, लिनक्स घातलं आणि माझ्यासमोर एक काळी खिडकी उघडून ठेवली. त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. चित्र नाही, बटण नाही, काही नाही.

आमची ही चहा घेऊन आली. "बंद पडला का हो?"

"मामी, खरा कम्प्युटर असाच असतो," भाचा म्हणाला.

"मग आमचा आधीचा खोटाच बरा होता," ही म्हणाली. त्या दिवसापासून तिचं आणि त्या काळ्या खिडकीचं जे बिघडलं ते बिघडलंच.

त्या एका ओळीतल्या कारागिराचं नाव कॉम. वयानं माझ्या नोकरीहून जुना. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची प्रणाली तयार झाली, तिच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९७३ च्या सुमाराला, हा पहिल्यांदा आला. आज लिनक्सबरोबर जो फुकट मिळतो तो रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी या दोघांनी नव्यानं लिहिलेला. काम साधं आहे. दोन याद्या द्यायच्या, तो तीन रकाने देतो. पहिल्या रकान्यात फक्त पहिल्या यादीत असलेले, दुसऱ्यात फक्त दुसऱ्या यादीत असलेले, तिसऱ्यात दोन्हीकडं असलेले. नववीच्या पहिल्याच धड्यात संच असतात. तिथं जॉन वेनसाहेबाची दोन वर्तुळं काढून मी पोरांना हेच वर्षानुवर्षं शिकवलं. चहा आवडणारे किती, कॉफी आवडणारे किती, दोन्ही आवडणारे किती. दोन्ही न आवडणारे किती, हे विचारलं की इस्लापूरचा वर्ग एका सुरात 'रिक्त संच' म्हणायचा. कॉफी आवडणाऱ्यांच्या बाबतीतही तेच म्हणायचा.

तर हे सगळं मला येत होतं. अडचण एवढीच, की मला जे येतं ते कॉमला मान्य नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे त्याच्याकडं हवं ते मागायचं नसतं, नको ते सांगायचं असतं. दोन्हीकडं असलेले नंबर म्हणजे तिसरा रकाना पाहिजे, तर लिहायचं 'कॉम -१२': पहिला नको, दुसरा नको. -३ लिहिलं की नेमका तिसराच गायब. हे मात्र मला लगेच पचलं. 'लागू नसेल ते खोडा' अशा सूचनेचे फॉर्म भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल काय?

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला याद्या आधी क्रमानं लावून लागतात. त्यासाठी सॉर्ट नावाचा वेगळा कारागीर आहे. या मंडळींचा धर्मच असा: एकानं एकच काम करायचं आणि आपलं काम झालं की माल पुढच्याच्या हाती द्यायचा. या माळेची कल्पना डग मॅकिलरॉय या गृहस्थाची. १९८६ साली डोनाल्ड नूथ या थोर गणितज्ञानं एका मासिकासाठी प्रोग्रॅम लिहिला. मजकुरात कोणते शब्द सगळ्यात जास्त वेळा येतात ते काढायचं होतं. प्रोग्रॅम अनेक पानांचा आणि देखणा. परीक्षणाला दिला मॅकिलरॉयकडं. त्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि शेवटी, हेच काम सहा छोट्या आज्ञांत होतं, म्हणून त्या लिहून दाखवल्या. त्या सहांत सॉर्ट दोनदा आहे. हे ऐकल्यावर मला आमच्या शाळेची तपासणी आठवली आणि त्या नूथसाहेबाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

मी खाते नंबरांची यादी सॉर्टला दिली. त्यानं क्षणात क्रमानं लावून परत केली. एक, दहा, शंभर, एकशे एक, एकशे दोन. बरंच खाली गेल्यावर कुठंतरी दोन. त्यानंतर वीस, दोनशे.

ज्या माणसानं पहिलीतल्या पोरांकडून मण्यांवर एक ते शंभर मोजून घेतले, त्याच्या डोळ्यांदेखत दोनाच्या आधी शंभर आले. मी गच्चीवर गेलो, कारण रेंज तिथंच असते, आणि भाच्याला फोन लावला.

"अरे, तुझ्या कम्प्युटरला अंकओळख नाही."

"मामा, तो आकडे बघत नाही, अक्षरं बघतो. डिक्शनरीत लावतात तसं. एकानं सुरू होणारे सगळे आधी."

"आकड्यांना अक्षरं समजणारा माझ्या वर्गात असता तर त्याला बाकावर उभा केला असता."

"मग सॉर्टच्या पुढं वजा एन लावा. मग आकडे समजेल."

लावलं. एक, दोन, तीन, चार, असे शहाण्यासारखे आले. डोळे निवले. ती यादी मोठ्या विश्वासानं कॉमकडं दिली, तर तो म्हणतो: फाईल १ क्रमानं लावलेली नाही.

पुन्हा गच्ची.

"मामा, कॉमला डिक्शनरीचाच क्रम लागतो."

"म्हणजे माझा क्रम बरोबर असेल तर तो चूक म्हणणार आणि चूक असेल तर बरोबर?"

"हो, तसंच."

"हा माणूस आमच्या पंचायत समितीत कधी होता का?"

भाच्यानं उत्तर दिलं नाही. रेंज गेली असावी.

एवढं होईपर्यंत आमच्या ओसरीवर मंडळी जमली होती. मास्तर कम्प्युटरवर याद्या जुळवायलेत, ही बातमी चौकात पोचायला फोनची रेंज लागत नाही. मी दोन्ही याद्या कॉमच्या मनासारख्या उलट्या लावल्या आणि -१२ टाकून ठोकलं. पंचनामा झाला आणि पैसेही आले, असे सगळे नंबर आता दिसणार होते.

काही दिसलं नाही. पांढरी रेघ पुढच्या ओळीवर जाऊन लुकलुकायला लागली.

"काय दाखवायलंय, सर?" मागून एकानं विचारलं.

"काहीच नाही."

'काहीच नाही' हे शब्द मी मशीनबद्दल बोललो होतो. ते ओसरीवरून खाली उतरेपर्यंत 'कोणालाच नाही' झाले, पानटपरीपर्यंत 'सगळ्यांचं कट झालं' आणि बसस्टँडवर 'कम्प्युटरनं सांगितलं, पैसे परत जाणार'. अर्ध्या तासात एक जण माझ्याकडं आधार कार्ड, पासबुक आणि बायकोसह येऊन बसला. हमीदार लागत असेल तर आणू का, असंही त्यानं विचारलं.

खरा प्रकार रात्री कळला. एक यादी मी लिनक्सवर टाइप केली होती, दुसरी एका सेवा केंद्रातल्या विंडोजवरून पेनड्राइव्हवर आली होती. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण ठेवतं. ती डोळ्यांना दिसत नाही. पण कॉमला दिसते. त्याच्या लेखी माझा पंचेचाळीस आणि तिकडचा पंचेचाळीस ही दोन वेगळी माणसं, कारण तिकडच्याला शेपूट होतं. भाच्यानं फोनवरून एक युक्ती सांगितली आणि ती लपलेली खूण दिसायला लागली: प्रत्येक नंबरामागं टोपी घातलेला एक इंग्रजी एम. जिथं पाहावं तिथं टोप्या. अख्खी यादी लग्नाला निघाल्यासारखी.

"हे आहे तरी काय?"

"कॅरेज रिटर्न, मामा. टाइपरायटरच्या काळातलं."

हे मात्र मला एकदम पटलं. नोकरीच्या सुरवातीला मी टायपिंगची परीक्षा दिली होती. ओळ संपत आली की टिंग् असा आवाज व्हायचा आणि दांडी धरून गाडी खर्रकन् उजवीकडं ढकलायची. गाडी मोडीत गेली, टिंग् गेलं, दांडी गेली, पण ढकलण्याची खूण मागं उरली आणि तिनं इस्लापूर परिसरातल्या शेतकऱ्यांचं अनुदान अर्धा दिवस अडवून धरलं. सरकारी पद्धतीप्रमाणं झालं म्हणायचं. पद रद्द होतं, शिक्का राहतो.

टोप्या काढल्या. आता काही नंबर जुळले, पण फार थोडे. उरलेल्यांचं कारण शोधताना माझे चष्म्याचे दोन नंबर वाढले असतील. यादी टाइप करणाऱ्यानं जेवणाआधी आकडे मराठीत टाइप केले होते आणि जेवणानंतर इंग्रजीत. माणसाच्या डोळ्याला नऊ तो नऊच. कम्प्युटरच्या पोटात इंग्रजी नवाला एक बाइट लागतो आणि मराठी नवाला तीन. मराठी माणसाला जागा जास्त लागते ही तक्रार मी पुण्याच्या घरमालकांकडून ऐकली होती, कम्प्युटरकडून पहिल्यांदाच ऐकली. दहाही आकड्यांची एकास एक अदलाबदल करणारी आणखी एक 'एक ओळ' भाच्यानं पाठवली. त्याच्या सगळ्या एकेक ओळी मी वहीत उतरवतो. वहीची पानं संपत आली आहेत.

शेवटी जमलं. तीन रकाने पडद्यावर पायऱ्यांसारखे उतरले, आणि तेव्हा मला गावाबद्दल एक गोष्ट कळली. पट्टी आणि लाल पेनात ती कधी दिसली नव्हती, कारण टिका मारायच्या नादात मी माणसांच्या तोंडाकडं पाहतच नव्हतो.

पहिला गृहस्थ आला. कापूसवाला, चार एकर.

"सर, आमचा लंबर हाय का बघा की."

"आहे. तिसऱ्या रकान्यात. पैसे जमा."

त्याचा चेहरा काही फुलला नाही. मान लांब करून त्यानं पडदा पाहिला. "अन् त्या बांधाकडल्याचा?"

"त्याचाही आहे."

"कसा काय? त्याच्या शेतात पाणी घुसलंच नव्हतं. घुसलं असतं तर आधी माझ्यात आलं असतं."

"तुमच्यात आलंच ना?"

"आलं. पण त्याच्यात गेलं नाही ना!"

त्याच्यामागं आलेल्याचं नाव नव्हतं. त्यानंही स्वतःबद्दल एकच प्रश्न केला आणि चुलतभावाबद्दल पाच. तिसऱ्या बाईंनी स्वतःचा नंबर विचारलाच नाही. "मला काय माहीत नाही का, माझा आला ते? जावेचा सांगा." मी संध्याकाळपर्यंत सांगत होतो. तिसऱ्या रकान्यात, जिथं आपण आणि शेजारी दोघंही सुखानं नांदतो, तिकडं कोणाचीही नजर टिकली नाही. पहिला रकाना म्हणजे जे फक्त आपल्याकडं आहे. ते तर आपलंच, त्याचं काय कौतुक! सगळ्यांना पाहिजे होता तो दुसरा रकाना: त्यांच्याकडं आहे आणि आपल्याकडं नाही. कॉमच्या भाषेत -१३. बेल लॅब्जवाल्यांनी तीन रकाने देऊन उगाच मेहनत घेतली. इस्लापूरच्या बाजारात आधी चौकशी केली असती तर त्यांचं दोन तृतीयांश काम वाचलं असतं.

मी यातून वेगळा नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका मास्तराची पेन्शन माझ्यापेक्षा किती जास्त आहे हे मला रुपया-पैशांसह पाठ आहे. माझी स्वतःची विचारली तर पासबुक बघावं लागतं.

आणि यात गावाचा तरी दोष काय! आमचं गावच अशा एका ओळीतून आलेलं. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा उघडून पाहा. निजामाचं हैदराबाद राज्य वाटून द्यायचं होतं. कलम ३ म्हणतं, आदिलाबाद जिल्हा तिकडं आंध्रात, पण बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका वगळून. कलम ८ म्हणतं, नांदेड जिल्हा इकडं मुंबई राज्यात, पण देगलूरमधली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं वगळून. आणि वर इस्लापूर सर्कल, किनवट, राजुरा. एका कलमात आम्ही वजा, दुसऱ्यात अधिक. युनिक्स जन्मायला अजून तेरा वर्षं होती आणि दिल्लीत कोणीतरी दोन जिल्ह्यांवर कॉम चालवून बसलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला इस्लापूरचा माणूस झोपेतून उठला तो दुसऱ्या रकान्यात. राजुरा पुढं चंद्रपूरकडं गेला, म्हणजे तिथंही दुरुस्ती लागलीच. एका ओळीचं काम कधी एका ओळीत संपत नाही, हे मी भाच्याला कायद्याच्या आधारानं सांगू शकतो.

ही हकीकत मी ओसरीवर मोठ्या अभिमानानं सांगितली. भारतीय संसदेच्या कायद्यात आपल्या गावाचं नाव छापून आलंय, हे ऐकून मंडळी भारावतील असं वाटलं होतं. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे भैंसा त्यांना गेलं?"

"हो."

"बाजार चांगला होता हो भैंश्याचा." आणि सगळी ओसरी हळहळली. किनवट अख्खा तालुका आला त्याचं कोणी नाव काढलं नाही.

तिसऱ्या रकान्यात आमच्याकडं खरं म्हणजे एकच वस्तू आहे: सहस्रकुंडाचा धबधबा. पैनगंगेच्या या काठाला नांदेड, त्या काठाला यवतमाळ. इकडचे म्हणतात मराठवाड्याचा, तिकडचे म्हणतात विदर्भाचा, आणि धबधबा कोणाच्याही बाजूनं न बोलता खाली पडतो. त्याचीही तुलना होतेच. तिकडून जास्त चांगला दिसतो असा इकडच्यांचा संशय आहे. तिकडचे इकडं येऊन फोटो काढतात.

भाच्यानं पुढच्या सुटीत कंबाइन नावाचं आणखी एक अवजार आणलं. जोई हेस नावाच्या प्रोग्रॅमरनं जमवलेल्या मोअरयुटिल्स या संचातलं. याला यादी क्रमानं लावून लागत नाही, हे ऐकून मी त्याला तिथल्या तिथं आशीर्वाद दिला. दोन याद्यांच्या मध्ये अँड, ऑर, नॉट यांपैकी एक शब्द घालायचा, बस. चौथा शब्द आहे झॉर: या यादीत किंवा त्या यादीत असलेले, पण दोन्हींत असलेले नकोत. भाचा हे उदाहरण देऊन समजावणार होता. मी म्हटलं, राहू दे. ज्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली आहे, तिथं लग्नाला कोणाला बोलवायचं हे झॉरनंच ठरतं. हा आला तर तो येत नाही, आणि दोघंही आले तर पंगत उधळते.

ही कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होती. निवडणं थांबवून तिनं विचारलं, "त्यात आहेर जुळवता येतो का?"

काळ्या खिडकीशी तिनं पहिल्यांदाच संबंध ठेवला होता, म्हणून आम्ही दोघंही उत्साहानं उठलो. आहेराची वही निघाली. तिची खरं तर हिला गरज नाही. कोणी कोणाच्या लग्नात काय दिलं, केव्हा दिलं आणि देताना तोंड कसं केलं, हे सगळं तिच्या डोक्यात क्रमानं लावलेलं असतं, तेही कोणत्याही सॉर्टशिवाय. तरी एका सोयरिकीच्या घराचा हिशेब घ्यायचं ठरलं. कोणाचं ते सांगत नाही, ते लोक वाचतात. आपण त्यांना दिलेलं एका फाईलीत, त्यांनी आपल्याला दिलेलं दुसऱ्या फाईलीत. भाच्यानं टाइप केलं, टोप्या तपासल्या, याद्या कॉमला हव्या तशा लावल्या, बटण दाबलं.

पहिल्या रकान्यात आलं: पितळी घंगाळ. खाली: पैठणी. खाली: भिंतीवरचं घड्याळ. दुसऱ्या रकान्यात: ब्लाउजपीस. स्टीलचा डबा, झाकणासह. तिसरा रकाना रिकामा.

"मामी, याचा अर्थ एवढाच, की दोन्ही याद्यांमध्ये सारखी अशी एकही वस्तू नाही. कमी-जास्त असं काही तो सांगत नाही. त्याला किंमत कळत नाही," भाचा घाईघाईनं म्हणाला.

हिनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"बघा," ती म्हणाली. "मी मेली पंचवीस वर्षं सांगत होते, ते कोणाला पटत नव्हतं. आता मशीननं सांगितलं. घ्या त्याची प्रत काढून."